सात वर्षं 'अजून थोडं पक्कं होऊ दे': मोडी वाचणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित व्यक्तीच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव न देता त्यांना इथे 'ताई' म्हटलं आहे. मी व्यवसाय-मार्गदर्शनाचं काम करते. जवळपास दोन वर्षं मी या प्रकरणाशी जोडलेली होते. अंगात कसब आहे, ते आहे हे स्वतःलाही ठाऊक आहे, तरी हात पुढे होत नाही, अशी माणसं पुण्यात घरटी एक तरी सापडतील. त्यांच्यासाठी हे सविस्तर मांडते आहे.

## पार्श्वभूमी

ताई चव्वेचाळीस वर्षांच्या. राहायला सिंहगड रस्त्याला. एका सहकारी बँकेत क्लिअरिंग आणि सह्या पडताळण्याच्या टेबलावर त्यांची वीसेक वर्षं गेली आहेत. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. दिवस सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा सुरू होतो आणि रात्री ओटा पुसून संपतो.

त्यांच्यात एक गोष्ट उपजत आहे, कुठलंही अक्षर लागणं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या दुकानात वाचता आली नाही की सोसायटीतली माणसं त्यांच्या दारात येतात. बँकेत सही जुळते की नाही यावर दोघांचं एकमत होईना की चेक त्यांच्याकडे सरकवला जातो. कसं ओळखता, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी अक्षर बघतच नाही हो. हात कसा फिरला असेल ते बघते."

मोडी वाचायला नेमकी हीच नजर लागते. मोडी ही हात न उचलता, भराभर लिहायची लिपी. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं लोंबवत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. लिपीचं श्रेय परंपरेने यादवांच्या हेमाडपंताला दिलं जातं. पुढे शिवकाळ, पेशवाई आणि इंग्रजी अमलातही मराठी दप्तरं मोडीतच लिहिली गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घराघरातले कागद मुके झाले. एकट्या पुण्यातल्या पेशवे दफ्तरात रुमालांच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांवर गठ्ठे, मोडी कागद आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तरी उरलेला डोंगर तसाच आहे.

ताई मोडीकडे वळल्या त्या माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेमुळे. वडील गेल्यावर सातारा जिल्ह्यातल्या घरातून ती ट्रंक पुण्यात आली. आत आजोबा-पणजोबांचे कागद होते, वाचणारं कुणी नव्हतं. ताईंनी दहा दिवसांचा मोडी वर्ग लावला. पाचव्या दिवशी त्या शिक्षकांच्या आधी ओळ वाचत होत्या. मग पुढचा वर्ग केला, परीक्षा दिली, तिच्यात पहिल्या आल्या.

त्यानंतरच्या सात वर्षांत त्यांनी एकही पूर्ण कागद वाचून कुणाच्या हातात दिला नाही.

## अडचण

पहिल्या भेटीत ताईंनी अडचण सांगितली ती वेळेची. "घर, बँक, मुलाची बारावी. मोडीला बसणार कधी?" हे खोटं नव्हतं, पण सात वर्षांचा हिशोब त्याने लागत नव्हता. कारण याच सात वर्षांत त्यांनी मोडीची तीन शिबिरं केली होती, बाराखडीचे तक्ते जमवले होते, वेगवेगळ्या वळणांच्या नमुन्यांच्या छायाप्रतींनी दोन फायली भरल्या होत्या आणि अडलेल्या शब्दांची एक जाड वही केली होती. ती वही मी पाहिली आहे. देखणी आहे. इतकं सगळं करायला वेळ मिळाला होता, तो फक्त काम देण्याघेण्याला मिळत नव्हता.

खोदून विचारल्यावर दोन प्रसंग बाहेर आले.

नवऱ्याच्या ओळखीतल्या एका वकिलांनी त्यांना जुनं खरेदीखत वाचायला दिलं होतं. चारच पानं. ताईंनी ते तीन महिने कपाटात ठेवलं. रोज आठवण यायची, कपाट उघडताना छातीत धस्स व्हायचं. शेवटी "सध्या जमत नाही" म्हणून कागद जसाच्या तसा परत केला. खरी गोष्ट अशी की पहिल्याच रात्री त्यांनी ते जवळजवळ सगळं वाचलं होतं. नऊ शब्द अडले होते, म्हणून परत केलं.

दुसरा प्रसंग २०२३ चा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ताईंच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारणा आली, कोण कोण येऊ शकेल? ताईंनी 'मी शनिवारी येऊ शकते' असं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. तेवढ्यात त्यांच्यानंतर परीक्षा दिलेल्या, त्यांच्यापेक्षा कमी वाचन असलेल्या दोघांनी हात वर केला. ताईंनी त्यांना अंगठा पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

इथे सोपं निदान हाताशी होतं. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमध्ये एक अनुभव नोंदवला होता. हाताशी पुरावा असतानाही आपण लायक नाही, कधीतरी पकडले जाऊ, असं त्यांना वाटत राहतं. ताईंच्या बोलण्यात त्याची लक्षणं होती. पण तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं झालं असतं, कारण त्यांची भीती निव्वळ मनाचा खेळ नव्हती. त्या म्हणाल्या, "कवितेत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणाचं काही जात नाही. खरेदीखतात चुकला तर कुणाचं तरी वावर जाईल."

हे खरं आहे. मोडीतल्या वाटणीपत्रावर, इनामाच्या सनदेवर, गहाणखतावर आजही दावे चालतात. ही भीती धरून ठेवणारा वाचकच चांगला वाचक. "भिऊ नका, तुम्हाला येतं" असं त्यांना अनेकांनी सांगितलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता, तो याच कारणाने. त्यांना जे खरं दिसत होतं ते नाकारून धीर देण्याचा तो प्रयत्न होता.

मग अडलं कुठे? ताईंच्या मनात वाचनाचे दोनच प्रकार होते, शंभर टक्के बरोबर किंवा वाचताच न येणं. नऊ शब्द अडलेलं खरेदीखत या दोन्हींत बसत नव्हतं. त्यामुळे ते कपाटात बसलं. दिवस जाईल तशी त्याची लाज वाढली, आणि लाज वाढली तसा कपाटाला हात लावणं अवघड झालं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये चालढकलीबद्दल मांडलं आहे ते इथे चपखल बसतं. माणूस काम टाळत नाही, काम समोर आल्यावर जे वाटतं ते टाळतो, आणि त्या क्षणाच्या सुटकेची किंमत पुढचा 'मी' भरतो. ताईंच्या बाबतीत नवीन शिबिर लावणं हीसुद्धा सुटकाच होती, फक्त ती अभ्यासाच्या वेषात आली होती म्हणून ओळखू आली नाही.

## समोरचे पर्याय

ताई स्वतःच एक पर्याय घेऊन आल्या होत्या, आणखी एक मोठा अभ्यासक्रम. वर्षभराचा, पदविकेचा. तो हाती आला की मग काम घ्यायचं. यात वाईट काही नव्हतं, उलट ज्ञान वाढलंच असतं. पण मागची तीन शिबिरं याच वाक्याने सुरू झाली होती. मी त्यांना एवढंच विचारलं, "या अभ्यासक्रमानंतर एकही शब्द अडणार नाही का?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं वाचणाऱ्यांनाही अडतो." पर्याय तिथेच मागे पडला.

दुसरा पर्याय त्यांच्या भावाने सुचवलेला, नोकरी सोडून पूर्णवेळ यातच उतरायचं. मागणी आहे, वाचणारे कमी आहेत, मग भीती कसली, असा त्याचा सूर. मुलाच्या शिक्षणाचा खर्च डोळ्यांसमोर असताना हा पर्याय फार वेळ विचारात राहिला नाही, राहायला नकोही होता. जिला चुकण्याची भीती आहे तिच्या डोक्यावर घरखर्चाचं ओझं ठेवलं की ती भीती दुप्पट होते.

तिसरा, एखाद्या संस्थेत विनामोबदला कागदांची सूची करायला जाणं. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत, पेशवे दफ्तर कौन्सिल हॉलच्या बाजूला, म्हणजे जुन्या कागदांच्या बाबतीत पुण्यासारखं शहर नाही. हा पर्याय मला मनापासून आवडला होता. अडचण वारांची होती. ताईंच्या हाती फक्त रविवार आणि बँकेचे दुसरा-चौथा शनिवार.

चौथा, छोटी खाजगी कामं घ्यायची, पण एकटीने नाही. प्रत्येक कागद दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही, या अटीवर.

पाचवा पर्याय म्हणजे हे सगळं सोडून छंद म्हणून वाचत राहणं. तो मी मुद्दाम टेबलावर ठेवला, कारण प्रत्येक गुणाचा व्यवसाय व्हायलाच हवा असं काही नाही. ताईंना मी आठवडाभर त्यावर विचार करायला सांगितलं. त्या दोन दिवसांत परत आल्या. "छंद म्हणून सात वर्षं केलंय. मला आता कुणाचा तरी कागद वाचायचाय."

निर्णय चौथ्याचा झाला.

## काय केलं

पहिलं काम दुसरा वाचक शोधण्याचं. कसबा पेठेत राहणारे एक निवृत्त शिक्षक ताईंना शिबिरात भेटले होते. चाळीसेक वर्षांचं वाचन, बोलणं मोजकं. ताईंना त्यांना फोन करायला तीन आठवडे लागले. शेवटी फोन न करता त्या थेट घरी गेल्या, अडलेल्या शब्दांची वही घेऊन. गुरुजींनी वही चाळली आणि विचारलं, "बाई, ही इतकी वर्षं कुठे होती?" त्या दिवशी दोघांनी बसून वहीतले पंचवीस-तीस शब्द सोडवले. चार शब्द गुरुजींनाही लागले नाहीत. ताईंनी मला नंतर सांगितलं की त्या चार शब्दांनी त्यांना जितका धीर दिला तितका सुटलेल्या शब्दांनी दिला नाही.

दुसरं काम लिप्यंतराचा, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवण्याचा, साचा ठरवण्याचं. या प्रकरणाची कळ माझ्या मते इथे आहे. साचा असा ठरला: मूळ कागदाच्या ओळीगणिक लिहायचं, ओळ तोडायची नाही. स्वच्छ वाचलं ते साधं लिहायचं. शंका असेल तो शब्द चौकटी कंसात, पुढे प्रश्नचिन्ह. फाटलेलं, डागाळलेलं, न लागलेलं असेल तिथे टिंबं आणि कारण. अंदाजाने जागा भरायची नाही. लिप्यंतर वेगळ्या पानावर, शब्दांचे अर्थ वेगळ्या पानावर. शेवटी दोन्ही वाचकांच्या सह्या आणि तारीख.

जाणकारांना यात नवं काही वाटणार नाही. पण ताईंसाठी याने सगळा डाव बदलला. नऊ शब्द अडलेला कागद आता 'अपुरा' राहिला नव्हता. नऊ कंस असलेला तो पूर्ण कागद होता. शंका लपवण्याची गोष्ट उरली नाही, ती कामाचाच भाग झाली आणि वकिलांच्या उपयोगाचीही झाली, कारण कुठल्या शब्दावर वाद होऊ शकतो हे त्यांना आधीच कळायला लागलं.

वेळेचं त्यानंतर पाहिलं. ताईंनी पूर्वी अनेकदा 'रोज रात्री तासभर' असं ठरवलं होतं आणि रात्री डोळे मिटायचे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या आपल्या लेखात दाखवलं आहे की 'अमुक करीन' या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' अशी बांधलेली कृती जास्त पार पडते. ताईंनी ती कुकरला बांधली. सकाळी कुकर चढला की ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि शिट्ट्या होईपर्यंत वाचायचं, तीन ओळी झाल्या तरी चालेल. मूळ कागद मात्र स्वयंपाकघरात आणायचा नाही, मोबाइलवरचा फोटोच. पूर्ण बैठक रविवारी.

घरचं एक सांगायला हवं. ताईंच्या नवऱ्याला आधी वाटलं, नोकरी सोडायची तयारी चालली आहे. ताईंनी साचा दाखवून सगळं समजावलं तेव्हा तो निवांत झाला. खरी मदत अनपेक्षित ठिकाणाहून आली. 'पांढरीतली जागा' आणि 'घर खण ५' असे शब्द आले की ताई कोश उघडायच्या. एकदा सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "पांढर म्हणजे गावठाण गं, काळी म्हणजे रान. आणि खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, आमचं घर सात खणी होतं." तेव्हापासून अर्थाच्या पानाच्या पहिल्या वाचक सासूबाई झाल्या.

## पहिला कागद

तेच वकील, दुसरा कागद. पुरंदर तालुक्यातल्या तीन भावांचं वाटणीपत्र, तीन पानं. हे जरा जवळून दाखवते, कारण निर्णयाचे दोन क्षण यात आहेत.

पहिला तारखेचा. शक वर्षाचा शेवटचा आकडा घडीवर आला होता आणि शाई उडाली होती. १८१४ की १८१५? ताईंनी पुढचे शब्द वाचले, 'नंदननाम संवत्सरे'. साठ संवत्सरांच्या क्रमात शके १८१४ ला नंदन येतो, १८१५ ला विजय. म्हणजे १८१४, इसवी सन १८९२-९३. हे त्यांनी पाच मिनिटांत काढलं आणि मला उत्साहाने फोन केला. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज असा पहिल्यांदा ऐकला.

दुसरा क्षण कठीण होता. वाटण्या रुपया-आण्यांत लिहिल्या होत्या. जुन्या लेखनात पाव रुपयाला एक उभी रेघ, निम्म्याला दोन, पाऊणला तीन. पहिल्या भावापुढे दोन रेघा स्वच्छ, म्हणजे आठ आणे. दुसऱ्यापुढे एक रेघ, चार आणे. तिसऱ्यापुढे एक रेघ आणि तिच्या शेजारी तपकिरी डाग. डागाखाली दुसरी रेघ आहे की नाही? अक्षरी रक्कम फाटलेल्या कोपऱ्यात गेलेली. ताईंनी बेरीज केली. पूर्ण मिळकत सोळा आणे, म्हणजे एक रुपया, धरली तर तिसऱ्याचे चारच आणे उरतात, आठ धरले तर वीस होतात. उत्तर उघड होतं, म्हणून त्यांनी लिप्यंतरात सरळ 'चार आणे' असं लिहिलं.

गुरुजींनी त्या जागी बोट ठेवलं. "चार आणेच आहेत, मान्य. पण तुम्ही ते वाचलं नाहीत, बेरजेने काढलंत. डोळ्यांना दिसलं ते इथे लिहा, डोक्याने काढलं ते टिपेत लिहा."

ताईंना ते लागलं. संध्याकाळी त्यांचा मला निरोप आला, 'माझी अजून तयारी नाही, कागद परत करते.' म्हणजे गाडी पुन्हा त्याच वळणावर. त्या रात्री आमचं फोनवर बोलणं झालं. त्यांना मी एकच गोष्ट विचारली. गुरुजींनी काय करायला सांगितलं आहे, कागद परत करायला की एक ओळ बदलायला? सकाळी त्यांनी ओळ बदलली. 'एक रेघ स्पष्ट, शेजारी डाग, [चार आणे?]' आणि खाली टीप, 'तिन्ही हिश्शांची बेरीज एक रुपया धरल्यास चार आणे.' दोन्ही सह्या झाल्या. कागद वकिलांकडे गेला. वकिलांना ती टीप सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

पैशांवरूनही खल झाला होता. गुरुजींचं मत होतं की पहिलं वर्षभर फुकट वाचावं. त्यामागे जुन्या पिढीची एक निष्ठा आहे आणि मी तिचा आदर करते. तरी माझा आग्रह थोडं का होईना मानधन घेण्याचा होता, कारण फुकट दिलेल्या कामात 'चुकलं तर चुकलं, फुकटच तर होतं' अशी पळवाट राहते. शेवटी पानामागे मानधन ठरलं आणि त्यातला ठरावीक वाटा दुसऱ्या वाचकाचा. गुरुजींनी आधी नाही म्हटलं. ताईंनी पाकीट त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं आणि निघून आल्या.

## निष्पत्ती

पहिल्या कागदापासून आज दीड वर्ष झालं. महिन्याला दोन-तीन कागद येतात, कधी एकही नाही. नोकरी चालू आहे. मिळणाऱ्या पैशांनी घर चालणार नाही, पण मुलाच्या पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च ताई आता त्यातून करतात आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रवास सरळ झाला नाही. मार्चअखेरीला बँकेत कामाचा ढीग पडला आणि मोडी दोन महिने बंद राहिली. पुन्हा सुरू करताना तोच जुना धस्सपणा आला. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. खंड पडला की परत सुरुवात नव्या कागदाने करायची नाही, आधी वाचून झालेल्या कागदाचं एक पान पुन्हा वाचायचं. डोळा बसला की पुढे जायचं.

आणि जिची भीती होती ती गोष्टही घडली. एका गहाणखतात गावाच्या नावातला एक काना ताईंच्या नजरेतून सुटला, गुरुजींच्याही सुटला. त्याच तालुक्यात जवळपास तसंच नाव असलेलं दुसरं गाव आहे. कागद देऊन आठवडा झाल्यावर, दुसरं काही वाचताना ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याच दुपारी बँकेच्या जिन्यात उभं राहून वकिलांना फोन केला आणि संध्याकाळी दोघांच्या सहीचं शुद्धिपत्र पाठवलं. वकिलांनी पान बदललं आणि पुढचा कागद पाठवला. सात वर्षं ज्या क्षणाला घाबरून त्या थांबल्या होत्या तो क्षण साधारण चार तासांत मिटला. तो मिटला याचं कारण ताई निडर झाल्या होत्या हे नव्हे. चूक कळली तर काय करायचं हे आधी ठरलेलं होतं.

माहेरच्या ट्रंकेतले कागद अजून अर्धेच वाचून झाले आहेत. ते त्या मुद्दाम सावकाश वाचतात, मानधनाच्या कामानंतर.

## काय वेगळं करता आलं असतं

२०२३ ची संधी हा मला सर्वांत मोठा चुकलेला टप्पा वाटतो. तिथे अनेक जण एकत्र बसून वाचत होते. म्हणजे ताईंना जी गोष्ट पुढे मुद्दाम उभी करावी लागली, दुसऱ्याची नजर, ती तिथे आयती होती. 'मी येऊ शकते' याऐवजी 'मी कुणाच्या तरी हाताखाली वाचायला येते' असं लिहायची मुभा त्यांनी स्वतःला दिली असती तर कदाचित निरोप पुसला गेला नसता.

परीक्षेतला पहिला नंबर हाही विचार करण्याजोगा. त्याने आत्मविश्वास वाढेल असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात राखण्यासारखं काहीतरी हातात आलं आणि प्रत्येक कागद तो नंबर घालवू शकेल असं दिसू लागलं. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेतल्या स्वच्छ नमुन्यांबरोबर एखादा फाटका, डागाळलेला, न लागणारा कागद विद्यार्थ्यांसमोर जरूर ठेवा आणि 'हे मला लागत नाही' हे कसं लिहायचं ते शिकवा. वर्गात ते शिकलं असतं तर ताईंना त्यासाठी सात वर्षं लागली नसती.

गुरुजींच्या दुरुस्तीनंतर जो निरोप आला, तो टाळता आला असता का, यावर मी अजून विचार करते. पहिल्या कागदाआधी दोघांनी एखादा सरावाचा कागद असाच तपासून पाहिला असता, तर दुरुस्ती हा रोजचा व्यवहार आहे हे आधीच अंगवळणी पडलं असतं आणि खऱ्या कामात तो घाव बसला नसता. आता गुरुजींकडे येणाऱ्या एका नव्या मुलीबरोबर ताई नेमकं हेच करतात.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. एका दाव्यात लिप्यंतर न्यायालयापुढे ठेवताना ताईंनी वाचक म्हणून प्रतिज्ञापत्र द्यावं, अशी वकिलांची इच्छा आहे. उलटतपासणी होऊ शकते, भर न्यायालयात शब्दाशब्दावर प्रश्न येऊ शकतात. ताईंनी ताबडतोब हो म्हटलेलं नाही, पण या वेळी कागद कपाटातही गेलेला नाही. त्यांनी वकिलांना लेखी कळवलं आहे. मूळ कागद प्रत्यक्ष पाहायला मिळावा, गुरुजींनी तो स्वतंत्रपणे वाचावा, आणि कंसातले शब्द प्रतिज्ञापत्रातही कंसातच राहावेत. पहिल्या दोन अटी वकिलांनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर त्यांचं म्हणणं आहे की कंस जितके कमी तितकी बाजू भक्कम. पुढच्या शनिवारी तिघं कसब्यात गुरुजींकडे भेटणार आहेत, आणि तिसरी अट मान्य झाली नाही तर सही करायची नाही, हे ताईंनी मला आजच सांगून ठेवलं आहे.